मदत हवी आहे: टोकियो स्कायट्री, आईचे गुडघे आणि फुजीचे दर्शन

डिसेंबरच्या मध्यावर आईला घेऊन टोकियोला जात आहे. मुक्काम असाकुसा भागात आहे, त्यामुळे ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा जवळच पडेल. त्याच्या ३५० मीटरवरील सज्जापर्यंत लिफ्ट थेट नेते. परंतु वरच्या गॅलरीत लिफ्ट ४४५ मीटरवर सोडते आणि तेथून ४५० मीटरपर्यंत मनोऱ्याभोवती वळत जाणाऱ्या चढत्या मार्गाने चालावे लागते. आई काठी घेऊन सपाटीवर बरे चालते, चढावर मात्र तिला मध्येमध्ये बसावे लागते, आणि चाकाची खुर्ची तिला नको आहे.

तिची मनापासून इच्छा फुजी पर्वत पाहण्याची आहे. हिवाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून हा महिना निवडला. आगाऊ तिकीट स्वस्त पडते, पण आकाश स्वच्छ असेल की नाही हे त्याच दिवशी कळते. अधिकृत माहिती मी वाचली आहे, आणि जाऊन आलेले परिचित पावसाळ्यात गेल्यामुळे त्यांना ढगच दिसले. शिंजुकूतील महानगर शासनाच्या इमारतीचा २०२ मीटरवरील विनामूल्य सज्जा पर्याय म्हणून लक्षात आहे, तरी आईला स्कायट्रीच दाखवावा असे वाटते.

हिवाळ्यात तेथे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगावे: त्या चढावर टेकायला जागा आहे का, फुजी पाहण्यासाठी ३५० मीटरचा सज्जा पुरेसा होतो का, आणि सकाळी लवकर जावे की साडेचारच्या सुमारास होणाऱ्या सूर्यास्ताच्या वेळी?