कुरियरचा खर्च कमी सांगितला गेला, वरचा फरक कुणाच्या खिशातनं? एकदा कंडका पाडा

पायताणवाला

नमस्कार मंडळी, घरात दोन दिवस यावरनं वाद चाललाय, म्हटलं इथं विचारावं. आमचं कोल्हापुरी पायताणाचं काम आहे, वडील आणि काका बनवतात, मी ऑनलाइन बघतो, ऑनलाइन म्हणजे काय तर इन्स्टावर फोटो टाकायचे आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायची, वेबसाइट वगैरे काय नाही. २०२५ च्या जूनमध्ये ते प्राडाचं प्रकरण झालं ना, इटलीच्या कंपनीनं फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली ते, तेव्हापासनं लांबलांबनं चौकशी यायला लागली. आधी सगळं गिऱ्हाईक पुणं, मुंबई, फार तर बंगळूर.

तर गुवाहाटीच्या एका मॅडमनी घरच्या लग्नासाठी ४ जोड घेतले, दोन कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार), दोन लेडीज. मी घरच्या काट्यावर वजन केलं, ३ किलो ७००. कुरियरवाल्याला फोन केला, तो म्हणाला बाहेरच्या राज्यात ९० रुपये किलो. मी ४ किलो धरून ३६० सांगितले, मॅडमनी दोन मिनिटात मालाचे आणि कुरियरचे पैसे पाठवले, एक रुपया कमी करा म्हणाल्या नाहीत. मी माल दिला आणि मोकळा झालो.

तीन दिवसांनी बिल आलं ७७९! विचारलं तर म्हणतो वजन ३.७ असलं तरी खोकं मोठं आहे, व्हॉल्यूमनं ६ किलो बसतं, आणि ईशान्येचा दर ११० आहे, ९० न्हाई, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ६६० अधिक ११९. मला ४१९ चा चुना. चार जोडात आमचे हजारभर सुटतात, त्यातले ४१९ गेले तर राहिलं काय.

बायको म्हणते बिलाचा फोटो टाकून मॅडमकडं माग, त्यांना काय जड नाही. वडील म्हणतात एकदा तोंडातनं आकडा गेला की गेला, मागायचं नाव काढू नको. पार्सल परवाच पोचलंय, मॅडमनी फोटो पण पाठवले, लई खूश आहेत. आता मागू का नको? पूर्ण नको, निम्मे तरी मागावेत का?

एमएच०९_रांगडा

वडिलांचं ऐक. विषय संपला.

आरं गुवाहाटी कुठं आहे बघितलंस काय नकाशात? बंगळूरचा दर लावून गुवाहाटीला पाठवतोयस आणि गिऱ्हाइकाकडं फरक मागतोयस. पिनकोड न सांगता दर विचारलास ही चूक तुझी, खोकं मापलं नाहीस ती पण तुझीच.

गुळाची_ढेप

मी गूळ, काकवी आणि कांदा-लसूण चटणी पाठवते, सहा वर्षं झाली, म्हणून थोडं अनुभवाचं सांगते दादा. माझ्या मते पार्सल निघायच्या आधी आणि निघाल्यानंतर हे दोन वेगळे विषय आहेत आणि लोक ते एकत्र करतात. माल अजून आपल्या घरात आहे आणि काउंटरवर गेल्यावर कळलं की आकडा चुकला, तर तिथनंच फोन करायचा, ताई माझ्याकडनं चूक झाली, कुरियर एवढं होतंय, तुम्हाला चालत असेल तर पाठवते नाहीतर सगळे पैसे आत्ता परत करते. त्यांच्या हातात नाही म्हणायची सोय असते ना तोपर्यंत विचारण्यात काही लाज नाही. मला असं दोनदा करावं लागलंय, एकीनं दिले, एकीनं ऑर्डर रद्द केली, दोघी आजही चटणी नेतात.

पण माल पोचल्यावर मागणं म्हणजे जेवून झालेल्या पाहुण्याला भाजी महाग झाली होती म्हणून सांगण्यासारखं आहे. आता त्या नाही कशा म्हणणार? चप्पल पायात आहे.

माझी पहिली ठेच सांगू का, १० किलो गूळ म्हणून १० किलोचं कुरियर सांगितलं. खोकं, आतला प्लास्टिकचा कागद, टेप, सगळं मिळून काटा गेला १०.६ वर, आणि हे लोक अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं मोजतात, ११ लागले. गूळ जड असल्यामुळं व्हॉल्यूमचा त्रास आम्हाला होत नाही, तुमचं उलटं आहे, चप्पल हलकी आणि खोकं फुगीर.

पायताणवाला

ताई पटतंय, पण एक सांगा, हे पैसे काय माझ्या खिशात गेलेत का? कुरियरचा खरा खर्चच ७७९ आहे. मी आधी बरोबर सांगितलं असतं तर मॅडमनी ७७९ दिलेच असते की. त्यांच्या घरापर्यंत माल पोचवायचा खर्च त्यांचा, हे तर सगळेच मान्य करतात. मी फक्त सांगताना चुकलो, कमवायला चुकलो नाही.

पुण्यात_अडकलेली

तू म्हणतोस दिलेच असते, ते तुला कसं माहीत? मी घेणाऱ्या बाजूची आहे, माहेर राजारामपुरी, इथं बसून दर महिन्याला काही ना काही कोल्हापूरहून मागवत असते. ७७९ ऐकून मी दोनच जोड घेतले असते किंवा कुणी गावाकडनं येणारं असेल त्याच्या हाती मागवले असते. आकडा बघूनच माणूस ठरवतो ना.

आणि मला एक खरंखरं उत्तर दे, रागावू नको. कधी तू कुरियरचे १२० घेतलेस आणि खरे ७५ लागले असं झालं नाही का? तेव्हा ४५ परत पाठवलेस का? मला तर आजपर्यंत एकाही विक्रेत्यानं पाठवले नाहीत, आणि मी मागितलेपण नाहीत, कारण ठरलं ते ठरलं.

एमएच०९_रांगडा

खटक्यावर बोट 😄

पायताणवाला

बसलं ताई. वही काढून बघितली. आम्ही महाराष्ट्रात एका जोडाला सरसकट १२० घेतो, पुणं-सातारा-सोलापूरला ७५-८५ पर्यंत लागतात. गेल्या महिन्यात ३१ पार्सलं गेली त्यातली २२ महाराष्ट्रातली, सरासरी ४० धरले तरी ८८० सुटलेत. ते कधी वेगळे मोजलेच नव्हते, पॅकिंगच्या खर्चात धरून टाकत होतो. म्हणजे तिकडं वरचे ठेवतोय आणि इकडं खालचे मागतोय असं झालं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली पॅकिंगला पैसे लागत नाहीत का? तेही खरं आहे, पण गुवाहाटीच्या मॅडमच्या विरोधात ते कसं वापरणार.

कायदा_किडा

वकील नाही, ग्राहकांच्या तक्रारी लिहून द्यायला मदत करतो एवढंच. २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, ग्राहक संरक्षण कायद्याखालचे, त्यात विक्रेत्यानं एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि त्याची फोड पण द्यायची असं आहे, फोडीत डिलिव्हरी, पोस्टेज-हँडलिंग, कर सगळं आलं. घरातली जुनी सायकल एकदाच विकणाऱ्याला ते नियम लागत नाहीत, पण तुम्ही धंदा म्हणून नेमानं विकता, त्यामुळं मी घरगुती विक्रेता आहे हे कारण फार टिकणार नाही.

शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्यांवरची, मार्गदर्शक तत्त्वं आली, १३ प्रकार दिलेत, त्यातला एक म्हणजे आधी कमी सांगून खरेदी पक्की झाल्यावर जास्त लावणं. तुमचा तसा डाव नव्हता, चूक होती, मान्य. पण बिलाचा फोटो आणि ४१९ चा क्यूआर कोड मोबाइलवर गेला की पलीकडच्याला चूक आणि डाव यातला फरक दिसत नाही. १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावायला किती वेळ लागतो. ४१९ साठी कोण करतंय म्हणाल, करतात हो, मी स्वतः १५० रुपयांसाठी लिहून दिलंय.

कुरियरवाल्याशी मात्र भांडा. त्यानं फोनवर ९० सांगितले तेव्हा जीएसटी वेगळा हे बोलला होता का? मेसेजवर लिहून घेतलं असेल तर तिथं काहीतरी सुटेल.

पायताणवाला

फोनवरच झालं, लेखी काय नाही. 🤦 आणि मी गुवाहाटी म्हणालोच नव्हतो, बाहेरचं राज्य म्हणालो होतो.

जुनी_पुस्तकं_०९

मी जरा वेगळं बोलतो, सगळे विक्रेत्यावर तुटून पडलेत म्हणून. मी जुनी पुस्तकं विकतो आणि घेतो पण, तिथं दोघंही हौशी असतात, कुणालाच नफा नसतो. अशात चूक झाली तर सरळ सांगितलेलं बरं. मागे एकानं मला बांधीव अंकांचा गठ्ठा पाठवला, पोस्टाचे १०० सांगितले होते, लागले १९०. त्यानं मागितले नाहीत, नुसतं पावतीचा फोटो टाकून हसण्याचा इमोजी टाकला, मीच ९० पाठवले. गठ्ठाच त्यानं फुकटात दिल्यासारखा दिला होता, आणि पार्सलवरचा तिकिटाचा आकडा मला दिसत होता, मग डोळ्यावर कातडं कशाला ओढायचं. पण धंदेवाल्यानं ही अपेक्षा धरू नये, हेही खरं.

पोस्टाचं म्हणाल तर आता रजिस्टर वेगळं राहिलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच घेतलंय, त्यामुळं जुन्या अंदाजानं खर्च सांगणाऱ्या आमच्यासारख्यांची पण गोची झाली होती.

बारदान

कुणी मूळ दुखण्यावर बोलेना. मी बुकिंगच्या काउंटरवर बसतो (कुठल्या ते विचारू नका), दिवसाला असे चार-पाच जण भांडायला येतात.

भावा तू चप्पल नाही पाठवलीस, हवा पाठवलीस. गाडीत जागा अडते तिचे पैसे घेतात. हिशोब सोपा आहे, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. ते आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त ते लागतं. पोस्टाच्या मोठ्या पार्सलाला पण हेच. तुझ्या खोक्याचं माप सांग बरं.

पायताणवाला

४२ × ३२ × २२. आत प्रत्येक जोडाचं आपलं डिझाइनचं खोकं, ३० × २० × १०, अशी चार.

बारदान

२९५६८ भागिले ५००० म्हणजे ५.९१, टप्पा ६ चा. त्यानं बरोबर लावलंय, त्याच्याशी भांडून काय मिळणार नाही.

आता ऐक. आतली चार खोकी काढून टाक. जोड तळव्याला तळवा लावून, मधे कागद घालून, पातळ कापडी पिशवीत घाल, आपल्या चप्पल लाइनीत गिऱ्हाइकाला देतात तसं. चार जोड ३२ × २४ × २० च्या खोक्यात आरामात बसतात. १५३६० भागिले ५००० म्हणजे ३.०७. आतली खोकी गेल्यामुळं काट्यावरचं वजन पण ३.२ च्या आसपास येईल, टप्पा ३.५. त्याच ११० च्या दरानं ३८५, जीएसटी धरून ४५४. ७७९ कुठं आणि ४५४ कुठं. म्हणजे तुझ्या ४१९ मधले ३२५ गुवाहाटीमुळं नाही गेले, तुझ्या डिझाइनच्या खोक्यानं खाल्ले. मग ते पैसे मॅडमकडनं कसले मागतोस.

अजून एक, पॅक झाल्यावर खोक्याला टेप लावून आणि काट्यावर ठेवून फोटो काढत जा. ते ॲपवालं बुकिंग असतं ना, त्यात आठवड्यानं वजनाचा फरक म्हणून वॉलेटमधनं परस्पर पैसे कापतात, फोटो असला तर तक्रार करता येते, नसला तर बोंबलत बसायचं.

गुळाची_ढेप

हे भारी सांगितलंत बारदानदादा. पण लग्नासाठी भेट म्हणून घेतलेली असेल तर खोकं लागतं हो, पिशवीतनं कसं देणार.

बारदान

मग गिऱ्हाइकाला विचारायचं ताई, खोक्यात हवं का पिशवीत, खोक्यात एवढे पिशवीत एवढे. खोकं सपाट करून आत टाकलं तरी चालतं, तिकडं उघडून घडी घालून घेतील. आकडा त्यांच्यासमोर आधी गेला की कुणाच्या खिशातनं हा प्रश्नच येत नाही.

पायताणवाला

वडिलांना हिशोब दाखवला. त्यांनी खोक्याकडं बघितलं आणि म्हणाले, ह्या खोक्याचे पण २२ रुपये देतोयस नव्हं? मग तासभर कोण कायच बोललं नाही घरात.

तर मागत नाही. ४१९ माझे. पुढच्या महिन्यापासनं १२० सरसकट बंद, पिनकोड घालून जे येईल ते अधिक पॅकिंगचे २० असं उघड लिहिणार, बायकोचं पण समाधान. ३२-२४-२० ची खोकी कुठं मिळतील?

एमएच०९_रांगडा

लक्ष्मीपुरीत जा, किराणा होलसेलवाल्यांकडं रिकामी खोकी पडलेली असतात, माप घेऊन जा. नवी कशाला घेतोस.

पायताणवाला

जातो. आणि आत्ताच मॅडमचा मेसेज, हसू नका. एक कापशी जोड एक नंबर लहान होतोय, बदलून मिळेल का, कुरियर मी देते किती ते सांगा. मी यावेळी पिनकोड घालून, पिशवीत गुंडाळून, काट्यावर ठेवून बघितलं. एक किलोचा टप्पा, ११० अधिक जीएसटी, १३० होतात. १३० सांगितले.

पुण्यात_अडकलेली

आणि लहान जोड तिकडनं परत यायचा?

पायताणवाला

.... ते विसरलोच.