सायक्लोन टेलर: सर्वाधिक मानधन घेणारा हॉकीपटू सरकारी नोकरीत का राहिला?

मैदान_नागपूर यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात शालेय मुलांना मैदानी हॉकी शिकवतो. आमच्याकडची गुणी मुले बहुधा रेल्वेतील खेळाडू कोट्याकडे डोळे लावून असतात आणि पालकही पहिला प्रश्न नोकरीचाच विचारतात. या निमित्ताने जगातील आरंभीच्या व्यावसायिक खेळाडूंविषयी वाचत असताना कॅनडाचा आइस हॉकीपटू फ्रेड ऊर्फ ‘सायक्लोन’ टेलर याच्यापाशी मी थांबलो. १९१० साली रेनफ्रू या छोट्याशा गावाच्या संघाने त्याला बारा सामन्यांच्या हंगामासाठी ५,२५० डॉलर देऊ केले. त्याच सुमारास अमेरिकेतील बेसबॉलचा सर्वात गाजलेला खेळाडू टाय कॉब याला १५४ सामन्यांच्या हंगामासाठी ६,५०० डॉलर मिळत होते. एका सामन्यामागे किती मिळाले असे पाहिले तर टेलरचे मानधन कॉबच्या दहापट भरते. इतका पैसा मिळवणारा माणूस आयुष्यभर कॅनडाच्या आप्रवासन (इमिग्रेशन) खात्यात नोकरी करीत राहिला, याची संगती मला लागत नाही. त्याचा खरा व्यवसाय कोणता मानावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

धंतोलीकर

सर, प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर टेलरच्या स्वभावापेक्षा त्या काळच्या व्यवस्थेत शोधावे लागते.

टेलरचा जन्म १८८४ सालचा, ऑन्टॅरिओ प्रांतातील टारा गावचा. वाढला तो लिस्टोवेलमध्ये, आणि तेथील पियानोच्या कारखान्यात कामाला होता. त्या काळी कॅनडात खेळण्यासाठी पैसे घेणे हा मोठा दोष मानला जाई. ऑन्टॅरिओची हौशी हॉकी संघटना तर इतकी कडक होती की टोरांटोच्या संघाकडून खेळण्यास टेलरने नकार देताच तिच्या सचिवाने त्याला प्रांतात कोठेही खेळू दिले नाही. नाइलाजाने तो आधी मॅनिटोबात आणि तेथून अमेरिकेतील मिशिगन राज्यात, हौटन येथे गेला. हौटन हा तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाणींमुळे तेथे पैसा होता, लांबलचक हिवाळ्यात करमणुकीची भूकही होती, आणि म्हणूनच १९०४ साली खेळाडूंना उघडपणे पैसे देणारी पहिली आइस हॉकी लीग याच भागात उभी राहिली. ती १९०७ मध्ये बंद पडली. हे ध्यानात घेतल्याशिवाय टेलरचा निर्णय कळणार नाही, कारण ज्या लीगमध्ये तो व्यावसायिक झाला तिचे आयुष्य अवघ्या तीन हंगामांचे होते.

त्यानंतर ऑटावा संघाने त्याला बोलावले ते मानधनासोबत आप्रवासन खात्यातील नोकरी देऊन. आपल्याकडील खेळाडू कोट्याचा हेतू तेथे अनौपचारिक रीतीने साधला गेला, असे म्हणता येईल. नैसर्गिक बर्फावर खेळ जेमतेम जानेवारी ते मार्च एवढाच चाले; बर्फ वितळला की हंगाम संपला आणि उत्पन्नही थांबले. निवृत्तिवेतन नाही, पाय मोडला तर भरपाई नाही. १९०९ साली त्याने ऑटावाकडून आइस हॉकीतील सर्वात मानाचा स्टॅन्ली चषक जिंकला आणि पुढच्याच हंगामात तो रेनफ्रूला गेला. रेनफ्रूमागे खाणी आणि रेल्वेच्या ठेक्यांवर धनाढ्य झालेले ओब्रायन कुटुंब होते आणि त्यांना चषक कोणत्याही किमतीत हवा होता. तो मिळाला नाही. रेनफ्रूचा संघही दोन हंगामांत मोडला. म्हणून मला वाटते की ५,२५० डॉलरचा आकडा डोळे दिपवणारा असला तरी तो कायम राहील असे टेलरने कधीच गृहीत धरले नाही, आणि यात त्याचा शहाणपणा होता.

गोरेवाडा_७

धंतोलीकरांच्या लेखनात खेळाविषयी थोडी भर घालतो. तेव्हा एका संघात सात खेळाडू असत आणि सातवा ‘रोव्हर’ ठरावीक जागा न धरता सर्व बर्फावर संचार करी. टेलर ऑटावात बचावपटू होता, मात्र रेनफ्रूनंतर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हरच्या संघात तो रोव्हर म्हणून खुलला. तिकडची लीग सुरू करणाऱ्या पॅट्रिक बंधूंनी १९११ साली तेथे कृत्रिम बर्फाचे मोठे क्रीडागृह बांधले होते, कारण त्या सागरकिनारी हवामानात भरवशाचा बर्फ गोठत नसे. त्यांच्याच लीगने मैदानाच्या मधल्या पट्ट्यात चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरतात ती) पुढच्या सहकाऱ्याकडे देण्यास परवानगी दिली आणि टेलरच्या वेगाला मोकळे रान मिळाले. पाच हंगामांत तो गुणांमध्ये (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) लीगमध्ये पहिला होता. १९१७-१८ मध्ये त्याने १८ सामन्यांत ३२ गोल केले. १९१५ साली व्हँकूव्हरने ऑटावाला ६-२, ८-३ आणि १२-३ असे सलग हरवून स्टॅन्ली चषक मिळवला. उलटे स्केटिंग करीत त्याने केलेल्या गोलाची कथा सगळे सांगतात. मला मात्र हे आकडे अधिक बोलके वाटतात.

महाल_इतिहास

सर, आपण त्याच्या नोकरीविषयी विचारले आहे आणि आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही. २३ मे १९१४ रोजी गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले कोमागाटा मारू हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरच्या बंदरात आले. प्रवासी बहुतांश पंजाबातील शीख, काही मुस्लिम आणि हिंदू. सर्व ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. मायदेशातून थेट, अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने केलेला होता, आणि भारतातून तशी जहाजसेवाच उपलब्ध नव्हती. जहाजावर गेलेल्या आप्रवासन अधिकाऱ्यांमध्ये फ्रेड टेलर होता. दोन महिने प्रवाशांना अन्नपाण्यासाठी झगडावे लागले, २४ जणांनाच उतरू दिले आणि २३ जुलैला नौदलाच्या युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज परत पाठवले. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात अनेक प्रवासी मारले गेले.

टेलरच्या कारकिर्दीवरील बहुतेक लेखनात या घटनेला एखादे वाक्य मिळते. मला ते अपुरे वाटते. ज्या नोकरीने त्याला खेळण्याची निश्चिंती दिली, तिचे काम हेच होते.

मैदान_नागपूर

ताई, हे वाचून मी अस्वस्थ झालो. हा प्रसंग मी मुलांना नक्की सांगेन. प्रवाशांना परत पाठवण्याच्या निर्णयात टेलरचा वाटा कितपत होता?

महाल_इतिहास

निर्णय त्याचा नव्हता. व्हँकूव्हरमधील आप्रवासन प्रमुख माल्कम रीड आणि खासदार एच. एच. स्टीव्हन्स हे तेथे कठोर भूमिकेचे मुख्य पुरस्कर्ते होते, आणि ऑटावातील सरकारचा त्या धोरणाला आधार होता. टेलर आज्ञा पाळणारा कनिष्ठ अधिकारी होता. मात्र त्याने खाते सोडले नाही. पुढे तो व्हँकूव्हर ज्यात येते त्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या आप्रवासन विभागाचा प्रमुख झाला, १९४६ मध्ये त्याला ब्रिटिश साम्राज्याचा किताब मिळाला आणि १९४७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, स्थानही मिळाले. १९७९ साली वयाच्या ९४ व्या वर्षी तो व्हँकूव्हरमध्येच वारला. कोमागाटा मारूबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.