सॉफ्टबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा: शालेय कोणती, संघटनेची कोणती आणि नियोजन कोणाकडे?

प्रश्न – पालक, अकोला

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेचा संघ जिल्हास्तर जिंकून अमरावती विभागाच्या शालेय स्पर्धेला जात आहे आणि त्याच सुमारास जिल्हा संघटनेनेही तिला कनिष्ठ गटाच्या निवड चाचणीला बोलावले आहे. दोन्हीकडे "पुढे नॅशनल आहे" असे सांगितले जाते. या दोन स्पर्धा एकच आहेत की वेगळ्या? सामन्यांचे वेळापत्रक आणि वयाची तपासणी कोण करते? गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका संघाचा राष्ट्रीय स्पर्धेतील सामना तिसऱ्या डावानंतरच थांबवण्यात आला. असे करण्याचा अधिकार आयोजकांना असतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – शालेय क्रीडा शिक्षक

दोन्हींना आपण सवयीने नॅशनल म्हणतो, परंतु त्या पूर्णपणे वेगळ्या यंत्रणांच्या स्पर्धा आहेत. शालेय राष्ट्रीय स्पर्धा 1954 साली स्थापन झालेल्या भारतीय शालेय खेळ महासंघाची असते आणि ती 14, 17 व 19 वर्षांखालील अशा तीन गटांत होते. महाराष्ट्रात तिच्या खालचे टप्पे क्रीडा व युवक सेवा संचालनालय जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत पार पाडते: आधी जिल्हा, मग आठ विभाग, मग राज्य. पालकांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की राज्यस्तरापर्यंत शाळेचा संघ खेळतो, राष्ट्रीय स्पर्धेला मात्र निवड समितीने सर्व विभागांतून निवडलेला राज्याचा संघ जातो. त्यामुळे शाळा राज्यस्तरावर लवकर हरली तरी तिची चांगली पिचर (चेंडू टाकणारी खेळाडू) निवडली जाऊ शकते आणि विजेत्या शाळेतील एखादी राखीव खेळाडू मागे राहू शकते. राष्ट्रीय स्पर्धेत समोर केवळ राज्यांचेच संघ असतात असेही नाही. केंद्रीय विद्यालय संघटन, नवोदय विद्यालय समिती, सीबीएसई, विद्याभारती अशांचे स्वतंत्र संघ तिथे राज्यांच्या बरोबरीने उतरतात.

संघटनेच्या स्पर्धेत शाळेचा संबंध येत नाही. तिथे जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि वर भारतीय सॉफ्टबॉल संघटना अशी रचना आहे. यजमानपद एखाद्या राज्य संघटनेला दिले जाते. मैदाने, निवास, भोजन आणि स्थानिक वाहतूक तिने सांभाळायची, तर नियम, पंचांची नेमणूक आणि तांत्रिक निर्णय वरच्या संघटनेने पाहायचे, अशी साधारण विभागणी असते. यजमान मंडळी रात्रभर राबतात आणि सकाळी पहिला सामना उशिरा सुरू झाला की बोलणी खातात, हेही नमूद केले पाहिजे.

वेळापत्रकाच्या प्रश्नाचे उत्तर गणितात आहे. समजा, मुलींचे 32 संघ आले. सरळ बाद पद्धत ठेवली तर 31 सामन्यांत निकाल लागतो, परंतु दोन दिवस रेल्वेने प्रवास करून आलेले निम्मे संघ एकच सामना खेळून परततात. दोन पराभवांनंतर बाद करण्याची पद्धत ठेवली तर 62 किंवा 63 सामने होतात. चार-चार संघांचे आठ गट करून साखळी खेळवली तर 48 सामने, गटविजेत्यांच्या बाद फेरीचे सात आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक, असे 56 सामने होतात. मुलांचेही तितकेच संघ असतील तर एकूण 112. सामन्याला साधारण दीड तास धरला तर हिवाळ्याच्या उजेडात एका मैदानावर दिवसाला सहाच सामने बसतात, म्हणजे चार मैदाने असूनही जवळजवळ पाच दिवस लागतात. शिवाय बाहेरची सीमा होम प्लेटपासून (फलंदाज उभी राहते त्या जागेपासून) 200 ते 220 फुटांवर हवी असल्याने एकाच क्रिकेट मैदानावर एकापेक्षा जास्त डायमंड (चार बेसचे चौकोन) आखले की क्षेत्ररक्षक एकमेकांच्या हद्दीत धावतात. म्हणून सामन्याला वेळमर्यादा घालणे किंवा गटातून एकच संघ पुढे नेणे, असे निर्णय घ्यावे लागतात. ते संघ व्यवस्थापकांच्या पहिल्या बैठकीत जाहीर झाले पाहिजेत, स्पर्धेच्या मध्यावर नव्हे.

वयाबाबत: शालेय स्पर्धेत वय 31 डिसेंबरला मोजले जाते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलीला त्याच गटातील डिसेंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षभराची जास्तीची वाढ मिळते. जन्मदाखला आणि शाळेची नोंद यांत तफावत असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्यावी. क्रीडा मंत्रालयाच्या 2010 च्या वयचोरीविरोधी संहितेपासून संशयित प्रकरणांत वैद्यकीय तपासणीचा मार्ग खुला आहे. त्यात हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात.

उत्तर २ – पंच

सामना तिसऱ्या डावानंतर थांबला, यात गैर काही नसावे. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन डावांनंतर 15, चार डावांनंतर 10 आणि पाच डावांनंतर सात धावांचा फरक असल्यास सामना संपतो. टोकियो ऑलिंपिकचा पहिलाच सामना, 21 जुलै 2021 रोजी फुकुशिमात झालेला जपान विरुद्ध ऑस्ट्रेलिया, याच नियमाने 8-1 असा पाच डावांत आटोपला होता. ही तरतूद खेळाडूंची दमछाक वाचवते आणि पुढच्या संघांची वेळ पाळते. राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य राज्य आणि नवखे राज्य एकाच गटात आल्यावर ती नसती तर दुपारचे सामने अंधारात गेले असते.

आक्षेपाविषयी मात्र प्रशिक्षकांचे अज्ञान मला नेहमी खटकते. धावपटू बाद होती की नाही, चेंडू स्ट्राइक (फटकावता येण्याजोग्या टप्प्यातला) होता की नाही, हा पंचांच्या नजरेचा निर्णय असून त्यावर आक्षेप घेता येत नाही. नियमच चुकीचा लावला गेला असेल तर घेता येतो, पण पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी मुख्य पंचांना सांगावे लागते. सामना संपल्यावर सात पालकांच्या सह्यांचे पत्र आणून उपयोग नसतो. अपात्र खेळाडूविरुद्धच्या तक्रारीला ही अट लागू नाही, आणि म्हणूनच वर सरांनी सांगितलेले कागदपत्रांचे काम महत्त्वाचे आहे.

उत्तर ३ – डलासहून

माझी मुलगी इथे बारा वर्षांखालील गटात खेळते, म्हणून तुलनेसाठी लिहितो. 1933 साली स्थापन झालेली आणि 2017 पासून यूएसए सॉफ्टबॉल या नावाने ओळखली जाणारी ओक्लाहोमा सिटीची संस्था या खेळाची अधिकृत राष्ट्रीय संघटना आहे, पण पीजीएफ, यूएसएसएसए अशा इतर संस्थांच्याही स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा असतात. इथे राज्याचा संघ निवडला जात नाही. क्लबचा संघ पात्रता स्पर्धेतून प्रवेश मिळवतो आणि खर्च बहुतेक पालक सोसतात. काही स्पर्धांत तर आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरण्याची सक्ती असते. गरीब घरातील मुलीसाठी, प्रवासाचे हाल धरूनही, मला आपली शासकीय शालेय पद्धत अधिक न्याय्य वाटते.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. दहा वर्षांखालील मुलींना 11 इंची चेंडू आणि 35 फुटांवरून पिचिंग, बारा वर्षांखालील गटात 40 फूट आणि त्यापुढे 43 फूट, असे टप्पे ठरलेले असल्याने लहान मुलींच्या खांद्यावर एकदम ताण येत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही निवड चाचण्या एकाच तारखेला आल्या तर कोणती निवडावी?

उत्तर ४ – शालेय क्रीडा शिक्षक

आधी दोन्हीकडे लेखी कळवून तारीख किंवा वेळ बदलून मिळते का, ते पाहावे. अनेकदा तेच प्रशिक्षक दोन्ही ठिकाणी असतात आणि मार्ग निघतो. न निघाल्यास शालेय स्पर्धेला प्राधान्य द्यावे, कारण ती संधी शाळेच्या वर्षांपुरतीच आहे, तर संघटनेची स्पर्धा पुढे वरिष्ठ गटापर्यंत खुली राहते. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, म्हणून कोणत्याही स्पर्धेतून परतताना प्रमाणपत्रावरील नाव, जन्मतारीख, गट आणि सही-शिक्का तिथेच तपासून घ्यावा.