राजकीय व्यंगचित्राचा अर्थ लावताना : इंग्रजीच्या वर्गातले अनुभव

इंग्रजीच्या तासाला राजकीय व्यंगचित्र समोर ठेवून त्याचा संदेश विचारला की बहुतेक विद्यार्थी चित्राचे वर्णन करून थांबतात. वर्णनाकडून अर्थाकडे आपण कसे गेलात, ते एखाद्या ठरावीक चित्राच्या आधारे लिहावे, ही विनंती.

शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, पुणे
मी अकरावीला व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचे ‘राँदेव्हू’ (ठरवून झालेली भेट) हे चित्र घेते. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना अभिवादन करतात आणि त्याच दमात एकमेकांना शिव्याही देतात. वर्ग हसतो आणि ‘दोघेही ढोंगी आहेत’ असे उत्तर येते. ते खोटे नाही, पण दोघांच्या मध्ये पडलेल्या प्रेताबद्दल त्यात अवाक्षर नसते. मग मी फळ्यावर फक्त तारखा लिहिते : २३ ऑगस्ट १९३९, जर्मनी आणि सोव्हिएत संघाचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार, १ सप्टेंबर, जर्मनीची पोलंडवर चढाई, १७ सप्टेंबर, पूर्वेकडून सोव्हिएत फौजा, २० सप्टेंबर, लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रात हे चित्र. ते प्रेत पोलंडचे आहे आणि हे सारे सौजन्य लुटीच्या वाटणीपुरतेच आहे, हे त्यानंतर मुलेच सांगू लागतात.

पालक, न्यू जर्सी
मुलीला परीक्षेत बेंजामिन फ्रँकलिनचा तुकडे झालेला साप आला होता. आठ तुकड्यांवर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींची आद्याक्षरे आणि खाली ‘एक व्हा, नाहीतर मरा’ असा इशारा. तिने ‘इंग्रजांविरुद्ध एकजूट’ असे लिहिले. पण चित्र १७५४ चे, तेव्हा धास्ती फ्रेंचांची होती. इंग्रजांच्या मुद्रांक कराविरुद्ध तोच साप १७६५ मध्ये पुन्हा वापरला गेला, त्यामुळे संदेश विचारताना साल न देणाऱ्या प्रश्नपत्रिकेचाही थोडा दोष आहेच.

माजी विद्यार्थी, नाशिक
संदेश एकच असतो, हे मला पटत नाही. जॉन टेनिएल यांच्या मार्च १८९० मधल्या, ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या चित्रात जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क वाटाड्याच्या वेशात जहाजाची शिडी उतरतो आहे आणि तरुण कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, कठड्यावर रेलून पाहतो आहे. जाणता वाटाड्या गमावलेल्या जहाजाची काळजी, हा सर्वमान्य अर्थ. परंतु जहाज धोक्याच्या पाण्यातून बाहेर काढले की वाटाड्या नेहमीच उतरतो, तेव्हा काम पुरे झाल्याचा अर्थही चित्रात बसतो, असे मी लिहिले होते. बिस्मार्कला राजीनामा द्यावा लागला होता, म्हणून पहिला अर्थ वजनदार ठरतो, हे मान्य. तरी पुराव्यासह मांडलेल्या दुसऱ्या वाचनाला शून्य गुण देणे मला आजही अन्यायाचे वाटते.

निवृत्त शिक्षक, सातारा
आणीबाणीतले अबू अब्राहम यांचे चित्र, डिसेंबर १९७५. राष्ट्रपती न्हाणीच्या टबातूनच सही केलेला वटहुकूम बाहेर देतात आणि आणखी असतील तर थांबायला सांगा म्हणतात. मुले टबाला हसतात. मी एवढेच विचारतो, की राष्ट्रपतींची तक्रार कशाबद्दल आहे? वटहुकुमात काय लिहिले आहे याबद्दल ती मुळीच नाही, केवळ वेळेबद्दल आहे.