दोन्ही डोळ्यांत फूल. कॉन्फोकल कायले पाहिजे?

पऱ्हाटीवाला (आर्णी)
माही लहान बहीण २२ वर्षांची. दोन्ही डोळ्यांत पांढुरकं फूल. वेचणीले गेली की फुटलेल्या कापसाकडे पाहूनच डोळ्यातून पाणी येते. तालुक्याले चार वर्षं एकच ऐकलं, पऱ्हाटीची काडी लागली असन. आता दोन्ही डोळ्यांत सारखीच काडी कशी लागन? थेंबांच्या बाटल्यांनी कोनाडा भरला. नागपूरच्या डॉक्टरनं स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या दुर्बिणीवर) पाहून आधी विचारलं, "आईवडील नात्यातले काय?" हाव, बाबानं मामाचीच पोरगी केली. ते म्हणाले, मॅक्युलर डिस्ट्रॉफी (बुबुळात डाग साचायचा, घराण्यातून येणारा आजार) वाटते, कॉन्फोकल मायक्रोस्कोपी करू. एकदा दिसलं, तर मंग आणखी फोटो कायले?

चष्मेवाली ताई (वर्धा)
दादा, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. कॉन्फोकल त्याचा एकेक थर पेशींपर्यंत दाखवते, तेही तुकडा न काढता. डिस्ट्रॉफीच्या ग्रॅन्युलर प्रकारात टोस्टच्या चुऱ्यासारखे चमकते कण दिसतात, मॅक्युलरमध्ये धूसर पांढुरकेपणा आणि त्यात काळसर रेघा. काडीच्या जखमेतून बुरशी शिरली असली तर तिचे धागेही सापडतात, म्हणजे काडीचा वादही मिटेल. तरी शिक्कामोर्तब रक्ताच्या जनुक तपासणीनंच. मॅक्युलरमध्ये दोष सीएचएसटी६ जनुकात असतो. तो आई आणि वडील, दोघांकडून यावा लागतो. दोघांतही एकेक सदोष प्रत असली तर दर अपत्याला २५ टक्के शक्यता. तुमचे डोळे कोणी पाहिले का?

बाभूळबन
माझी लॅटिस आहे, डिस्ट्रॉफीचाच दुसरा प्रकार, कॉन्फोकल झाली आहे. डोळा बधिर करायचा थेंब टाकतात, हनुवटी टेकवायची, मग जेल लावलेली छोटी प्लास्टिकची टोपी बुबुळाला टेकते. दुखत नाही, पण डोळ्याकडे येताना दिसते तेव्हा पोटात गोळा येतो. पडद्यावर राखाडी रानात पानं झडलेल्या बाभळीच्या फांद्या, पांढऱ्या. त्याच माझ्या डोळ्यातल्या रेषा. बुबुळ बदलून सहा वर्षांनी पुन्हा उगवल्या, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. डाग किती खोल ते नीट विचारा. वरवरचे असतील तर लेझरनं खरवडता येतात. मॅक्युलरमध्ये बरेचदा खोलवर जातात, मग रोपण, आणि ते वरच्या थरांचं की पूर्ण जाडीचं, हे खोलीवर ठरतं.

पऱ्हाटीवाला
ताई, मले बी लहानपणापासून उन्हात डोळे बारीक करायची खोड आहे. आई म्हणे, बापावर गेला. मंगळवारी दोघांचीबी चिठ्ठी काढतो.