दहा कोटींवरील शासकीय बांधकामांत बिम मॉडेल सक्तीचे असावे का?

ओळंबा (निवृत्त अभियंता, नागपूर)
दहा कोटींवरील प्रत्येक शासकीय बांधकामात बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बिम (बांधकामाची सर्व माहिती असलेले संगणकावरचे त्रिमितीय मॉडेल), सक्तीचे करावे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी उदाहरण शोधायला नागपूरबाहेर जाण्याची गरज नाही. इथल्या मेट्रोने आरंभापासून पाचमितीय बिम वापरले. खांब, तुळया आणि केबल यांच्या त्रिमितीय आकाराला कामाचे वेळापत्रक आणि खर्च ही दोन परिमाणे जोडली. वर्धा रोडवर खाली जुना रस्ता, मध्ये महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल एकाच रांगेतल्या खांबांवर उभा आहे, आणि छत्रपती नगर, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही स्थानकेही त्यातच बसवली आहेत. अशा कामात दोन यंत्रणांचे नकाशे कुठे एकमेकांच्या आड येतात हे कागदावरही शोधता येते, पण तिथे ते बहुधा काँक्रीट ओतल्यावर सापडते.

आपल्या साध्या शासकीय इमारतींत स्थापत्याची निविदा वेगळी, विद्युतची वेगळी आणि अग्निशमनाची आणखी वेगळी असते. स्लॅब पडला की विद्युतचा ठेकेदार येतो आणि पहिल्या दिवसापासून भिंती फोडायला लागतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाही असे आपण धरून चालतो. ब्रिटनने 2011 मध्ये धोरण जाहीर केले आणि एप्रिल 2016 पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम बंधनकारक केले. तेवढी पूर्वसूचना आपणही द्यावी, पण तारीख ठरवावी.

पेटी_ठेकेदार
साहेब, आपला आदर राखून पूर्ण असहमती नोंदवतो. मेट्रोचा मालक एक, सल्लागार कायमचे आणि पैसा आधी ठरलेला. आमच्याकडे वसतिगृहे आणि आरोग्य केंद्रे यांची कामे असतात, तीही मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली आणि अंदाजपत्रकीय दरापेक्षा बऱ्याच कमी दराने घेतलेली. सॉफ्टवेअरचे वार्षिक भाडे आणि मॉडेल करणाऱ्या मुलाचा पगार हे त्या दरातून कसे काढायचे, हे कोणी सांगत नाही.

तरीही पैसा हा माझा मुख्य आक्षेप नाही. आमचे देयक मोजमाप पुस्तिकेवरून निघते, आणि करारात मान्यता आहे ती सही-शिक्क्याच्या नकाशाला. नकाशात तुळई 450 मिलिमीटरची आणि मॉडेलमध्ये 500 ची निघाली, तर मी कोणती ओतू? हे ठरलेले नसताना सक्ती आली तर काय होईल, ते आजच लिहून देतो: काम नेहमीच्याच पद्धतीने होईल, शेवटच्या महिन्यात एखाद्या ड्राफ्टिंगवाल्याकडून मॉडेल करून घेतले जाईल आणि फायलीला जोडले जाईल. गुणवत्ता चाचण्यांचे कागद कसे तयार होतात हे आपण जवळून पाहिलेच असेल.

शिवाय आमचे अंदाजपत्रक बिघडते ते जमिनीखाली. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर वसलेले आहे. पश्चिमेला काळ्या मातीखाली बेसाल्ट लागतो आणि पूर्वेकडे जाताना खडकाचा प्रकारच बदलतो. भूखंडावर जमीन तपासायला दोन-चार बोअर (खोल छिद्रे) घेऊन पायाची खोली ठरवली असेल, तर मॉडेल कितीही देखणे असले तरी पायाच्या बाबतीत ते अंदाजच सांगणार.

रेखांकन
मी वास्तुविशारदाच्या कार्यालयात मॉडेलचेच काम करते, म्हणून आधी एक खुलासा: भाड्याचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. निविदेत विशिष्ट कंपनीच्या फाइलऐवजी आयएफसी या खुल्या प्रकारातली फाइल मागावी. ती पाहण्यासाठी मोफत साधने आहेत आणि ठेकेदाराला मॉडेल बनवावे लागत नाही, फक्त वाचावे लागते. बनवण्याची जबाबदारी आणि मोबदला संकल्पचित्र करणाऱ्याचा असावा.

करारातील त्रुटीबद्दल मात्र पेटी_ठेकेदार यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या राज्यातच आहे. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. बांधकाम परवानगीचे नकाशे आता ऑनलाइन जातात, आणि सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र हे संगणक तपासतो. काम वेगवान झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण संगणक तपासतो तो नकाशा. भूखंडावर गॅलरी किती पुढे आली हे तिथे जाऊनच मोजावे लागते, आणि त्या मोजणीत फारसा बदल झालेला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2021 मध्ये दरमहा ड्रोन चित्रीकरण बंधनकारक केले, तसे काही इमारतींसाठीही हवे. बिमची सक्ती करायची तर जागेवरच्या मोजणीचीही करावी, नाहीतर दोन्ही सोडून द्यावे.

नवा_वाचक
बेंगळुरूत 2023 मध्ये 1,021 चौरस फुटांचे टपाल कार्यालय त्रिमितीय छपाईने 43 दिवसांत उभे राहिले. असे काही असताना आपण अजून मॉडेलवरच का अडलो आहोत?

पेटी_ठेकेदार
भिंती हा घराच्या खर्चाचा एक भाग असतो. पाया, गिलावा, नळकाम, दारे-खिडक्या यांसाठी यंत्रानंतरही मिस्त्री लागतोच. प्रयोग म्हणून ते चांगले आहे, पण या धाग्याशी त्याचा संबंध नाही.

ठिय्या
आपण सर्व मॉडेल आणि मोजमापाविषयी बोलत आहात. मी मजुरांमध्ये काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मोठ्या साइटवर आता चेहरा ओळखून हजेरी लागते. चौकातल्या ठिय्यावरून (मजूर कामासाठी जमतात त्या जागेवरून) किंवा छत्तीसगड, बालाघाटकडून आलेली रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, सकाळी त्या यंत्रासमोर उभी राहते आणि तिचा दिवस नोंदवला जातो. तीच बाई बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणीला गेली की तिच्याकडे मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. 1996 च्या कायद्यापासून ही अट चालत आली आहे. ठेकेदार प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करतो, कारण सही केली की जबाबदारी येते. म्हणजे तिच्या दिवसांचा हिशेब साइटवरच्या संगणकात असतो, पण तिच्या उपयोगाला येत नाही. दहा कोटींवरच्या कामात सक्ती करायचीच असेल, तर हजेरीची नोंद थेट मंडळाकडे जावी आणि मजुराला तिची प्रत मिळावी, एवढी एक ओळ निविदेत घालावी. त्यासाठी पाच वर्षांची पूर्वसूचना लागणार नाही.

ओळंबा
ठिय्या यांची अट मला मान्य आहे, आणि ती बिमची वाट न पाहता लागू करता येईल. रेखांकन यांचा आयएफसीचा मुद्दाही योग्य आहे. जमिनीखालच्या अनिश्चिततेबद्दल पेटी_ठेकेदार यांना एवढेच विचारतो की, जास्त बोअर घ्यायला बिमने कधी मनाई केली? बोअरची माहिती मॉडेलमध्ये गेली, तर पुढच्या कामाला ती आयती मिळते. आज ती अहवालाच्या गठ्ठ्यात पडून राहते. नकाशा खरा की मॉडेल, याचे उत्तर करारात एका कलमाने देता येते: तफावत आढळल्यास मॉडेल ग्राह्य, आणि दुरुस्तीचा खर्च संकल्पचित्रकाराचा.

पेटी_ठेकेदार
ते कलम लिहिले जाईल त्या दिवशी माझा अर्धा विरोध संपेल. उरलेला अर्धा देयकाविषयी आहे. मॉडेलमधून निघालेले परिमाण मोजमाप पुस्तिकेत पुन्हा हाताने उतरवून, तीन सह्या घेऊन, महिनोन्‌महिने थांबायचे असेल, तर मॉडेल हे माझ्यासाठी चौथे कागदपत्र ठरते. मॉडेलच्या परिमाणावर 30 दिवसांत रक्कम देण्याची हमी त्याच परिपत्रकात असावी. ती नसेल, तर दहा कोटींची मर्यादा शंभर कोटींवर न्या आणि आम्हाला वगळा.