मदत हवी आहे: ठासणीची रायफल घेतोय, नळी बदलून कुठे मिळेल?

कुळागर_केरी
लवकर उत्तर हवं आहे. शेजारच्या गावातले एक काका त्यांची ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) रायफल विकताहेत. दस्ता उत्तम, घोडा घट्ट, चापही ठीक. नळी मात्र गेली आहे, बुडाकडे (दारू पेटते त्या मागच्या टोकाकडे) गंजाने खड्डे पडलेत. दुसरं गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय, त्यामुळे या आठवड्यात हो की नाही ते सांगायचं आहे. नवी नळी बसवायची, शक्यतो आधीपेक्षा नेम चांगला लागेल अशी. कुठे मिळेल, कोण बसवून देईल, खर्च किती येईल? बंदूक कशाला हवी ते कृपया विचारू नका. रानडुकरांनी आणि माकडांनी कुळागराची (सुपारी-केळीच्या बागेची) काय दशा केली आहे ती गोव्यात सत्तरीत येऊन बघा.

मांडवीकाठ
अहो, यावरून कोणी काय सांगणार? चकमकीची आहे की टोपीची (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी टोपी निपल या बारीक चोचीवर बसते ती)? नळीत आतून पेचदार खाचा आहेत की गुळगुळीत? खाचा असतील तरच ती रायफल. नळी दस्त्याला खिळ्यांनी धरली आहे की पाचरीने? नळीवर नंबर, शिक्का काही आहे का? फोटो टाका.
आणि सगळ्यात आधी ती भरलेली नाही ना ते बघा. गज (ठासायची सळई) आत टाकून तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा. टोक निपलपर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असतात आणि ती दारू तेव्हाही पेट घेते. हे केल्याशिवाय घोड्याला हात लावू नका.

फोंडेकर
नळी बदलायची गरजच नाही. जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात पातळ नवी नळी बसवतात. बाहेरून बंदूक जशीच्या तशी राहते, दस्त्याची खाच कोरावी लागत नाही, घोडा निपलवर बरोबर पडतो. माझ्या आजोबांच्या बंदुकीला हेच केलं आणि ती अजून बार काढते. नवी नळी म्हणजे नुसता खर्च.

लिस्बनचा_गोंयकार
मी इथे ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करतो, म्हणून लिहितो. फोंडेकर, बुडाकडे खड्डे असलेल्या नळीत असं पातळ नळीचं अस्तर घालायचं तर आधी तिची जाडी मोजावी लागते. सगळ्यात जास्त दाब बुडाशीच येतो.
कुळागर, तुम्ही कापडात गुंडाळलेली गोल गोळी मारणार की लांबट? नळीतल्या खाचांचा पीळ त्यावर ठरतो. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, साधारण ६० ते ७० इंचांत एक फेरा. लांबट गोळीला त्याहून बराच घट्ट. ४८ इंचांत एक फेरा ही मधली तडजोड. अमेरिकेत जुनी हॉकन पद्धतीची (तिथल्या एका जुन्या नमुन्याची) ठासणीची रायफल स्वस्तात घेऊन नळी बदलणं अगदी नेहमीचं आहे, कारण तिचं बूड आकड्यात अडकतं. पाचर काढली की नळी उचलून हातात येते. मी तुमच्या जागी असतो तर इटालियन नळीच मागवली असती.

वकील_डिचोली
मागवली असती म्हणजे कशी? भारतात बंदुकीचा सुटा भागही शस्त्र कायद्याने शस्त्रातच मोडतो. परवान्याशिवाय कुरियरने नळी आली तर तुमच्या सल्ल्यावर विसंबणारा माणूस कस्टममध्ये अडकेल. कृपया इथल्या लोकांना तिथला मार्ग दाखवू नका.
धागाकर्ते, परवान्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. तुमच्याकडे आहे का? काकांचा चालू आहे का?

लिस्बनचा_गोंयकार
मी तांत्रिक माहिती दिली. पिळाचं गणित देशागणिक बदलत नाही.

वकील_डिचोली
पिळाचं नाही बदलत. तुरुंगवासाचं बदलतं.

सांगे_बागायतदार
रानडुकरांसाठी बंदुकीच्या मागे लागूच नका. मी सौर कुंपण घातलंय. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून घुसतं. पावसाळ्यात तारेला गवत लागलं की झटका कमी होतो, म्हणून कड सतत बेणावी लागते. माकडांना मात्र उपयोग नाही, ती झाडावरून येतात. कृषी खात्यात कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा.

कुळागर_केरी
कुंपण आहे. मी नळीबद्दल विचारलं होतं.
टोपीची आहे. गज घालून पाहिला, आत काही नाही. नळी खिळ्यांनी धरलेली आहे, पाचर दिसत नाही. खाचा आहेत की नाहीत ते गंजामुळे कळत नाही, काका रायफल म्हणतात म्हणून मी म्हटलं. बुडाजवळ डाव्या बाजूला अंडाकृती चौकटीत ई एल जी अशी अक्षरं आणि वर मुकुट आहे. नंबरही नळीवरच आहे. परवाना काकांच्या नावावर, पीकसंरक्षणाचा. माझा अर्ज कलेक्टर कचेरीत आहे.

जुनी_हत्यारं
हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाचा शिक्का आहे. वरचा मुकुट १८९३ पासून आला, म्हणजे बंदूक त्यानंतरची. लिएजमधून अशा स्वस्त बंदुका जगभर जात.
या नळीला हात लावू नका, अशी विनंती. गोव्यात बंदूक घडवण्याची परंपरा फार जुनी आहे. १५१३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने आपल्या राजाला कळवलं होतं की गोव्याचे कारागीर युरोपातल्या बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या बंदुका करतात. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचलेल्या तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) बंदुकाही याच पूर्वेकडच्या घडणीच्या, असं अनेक अभ्यासक मानतात. तुमच्याच सत्तरीत दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध बंड करून नाणूस किल्ला घेतला. त्या मातीतली जुनी बंदूक घेऊन तिची नळी भंगारात टाकायची, याचं मला खरंच दुःख होतं.

मांडवीकाठ
बंदूक १८९३ नंतरची बेल्जियमची आणि तुम्ही दीपाजी राण्यांवर गेलात. त्यांना बागायत राखायची आहे.

जुनी_हत्यारं
१०० वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही बघावा लागतो, म्हणून लिहिलं. शिवाय निकामी पुरातन हत्याराला शस्त्र कायद्यात सूट आहे. भिंतीवर लावा, परवान्याची कटकट नाही.

वकील_डिचोली
ही सूट अर्धवट सांगू नका. कलम ४५ मधली सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्याराला आहे. हे गृहस्थ ती चालवण्यासाठीच घेताहेत. इथे ती लागू होत नाही.
आता मुद्द्याचं. एक, परवाना हातात येईपर्यंत बंदूक ताब्यात घेऊ नका, विसार देऊनही घरी आणू नका. दोन, काकांनी विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस जावे लागतात. म्हणजे 'या आठवड्यात' हा प्रश्नच उरत नाही, ते दुसरं गिऱ्हाईकसुद्धा याच रांगेत आहे. तीन, नंबर नळीवर आहे. नळी बदलली की परवान्यावर नोंदलेली बंदूक कागदावर उरतच नाही. जुना नंबर कोणाकडून तरी नव्या नळीवर ठोकून घेणं हा गुन्हा आहे. आधी लेखी परवानगी, मग काम, आणि काम फक्त परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे. गावच्या लोहाराला कायद्याने दुरुस्तीसुद्धा करता येत नाही.

लिस्बनचा_गोंयकार
आणि परवान्यावर एसबीएमएल (सिंगल बॅरल मझल लोडिंग, म्हणजे एकनळी ठासणीची) लिहिलं असेल तर ती गुळगुळीत नळीची एकनळी म्हणून नोंदलेली असणार. मग पीळ असलेली नळी बसवण्याचा विचार सोडा, तो माझा सल्ला मी मागे घेतो. गुळगुळीत नळीतूनही मापाची गोळी आणि नीट कापलेलं कापड असेल तर जवळच्या अंतरावर नेम समाधानकारक लागतो. तुमच्या कामाला तेवढं पुरे.

फोंडेकर
म्हणजे अस्तरच बरं! नंबर बाहेरच्या नळीवर तसाच राहतो.

मांडवीकाठ
अस्तर घातलं की आतलं माप बदलतं आणि मापही परवान्यावर असतं. शिवाय ही नळी कशी घडवली आहे ते बघायला हवं. त्या काळात लोखंड-पोलादाची पट्टी दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून सांधलेल्या नळ्याही खूप होत्या. सांध्यात गंज शिरला तर बाहेरून दिसत नाही. ती कातून अजून पातळ करायची? मी नाही करणार. आणि कोणी पाइपची नळी करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानाची पायरीसुद्धा चढू नका. सांध्याचा पाइप दाबाने शिवणीवर फाटतो, आणि तेव्हा तुमचा डावा हात त्याच्याखाली असतो.

फोंडेकर
आजोबांची अजून चालते एवढंच मी म्हणतोय.

मांडवीकाठ
चालो. पण तिची जाडी मोजली होती का?

कुळागर_केरी
काकांचा परवाना पाहिला. एसबीएमएल, १२ बोअर (नळीचं आतलं माप). नंबर जुळतो. काकांना ४५ दिवसांचं माहीत नव्हतं, ते उद्या पोलीस ठाण्यात अर्ज देताहेत. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे परवानाच नाही, त्यामुळे घाई संपली.
मग आता सांगा, दुरुस्त करावी की सोडावी? मला बागायत राखायची आहे, पण बंदूक हातात धरली तेव्हा आवडली, हेही खरं.

मांडवीकाठ
माझं मत: राखणीसाठी परवानाधारक दुकानातून नवी एसबीएमएल घ्या. मुंगेर, जम्मूकडचे परवानाधारक कारखाने बंदुका बनवतात. नळीवर चाचणीचा शिक्का बघूनच घ्या. ही आवडली असेल तर दुसरी म्हणून परवान्यावर चढवून घेता येईल, २०१९ पासून दोनपर्यंत मुभा आहे. पण ही उडवू नका.
कुठलीही घेतली तरी त्याच दिवशी धुवा. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. काकांच्या नळीचं बूड त्यानेच खाल्लंय. निपल काढून गरम पाणी, कोरडं फडकं, मग तेल. आणि काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा यात घालायची नाही, नळी फुटते.

वकील_डिचोली
आणखी एक. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली स्वतंत्र परवानगी लागते, गव्याचा तर विचारही करू नका. आवाजाने पळवणं एवढंच धरून चाला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, जमा केल्याची पावती जपून ठेवा.

सांगे_बागायतदार
माकडांसाठी कोणाकडे काही उपाय आहे का? केळीचा एक घड हाती लागत नाही.

कुळागर_केरी
सगळ्यांना देव बरें करूं. नवी घेणार. दक्षिण गोव्यात किंवा बेळगावकडे परवानाधारक दुकान कोणाला खात्रीने माहीत असेल तर निरोप करा. आणि जुनी_हत्यारं, ही नळी भंगारात जाणार नाही. वकीलसाहेब सांगतील त्या कागदांवर काकांची बंदूक अशीच ठेवायची माझी तयारी आहे. दस्त्यावर पितळेचं काम आहे, त्याचा फोटो रात्री टाकतो.